लोगोतील मुरलेली कल्पना आणि देवनागरीची शिरोरेषा

(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कोरी पाटी

नमस्कार. एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी मी सध्या बोधचिन्ह तयार करत आहे आणि त्या निमित्ताने जुन्या-नव्या लोगोंचा थोडा नेटाने अभ्यास करत आहे. ज्या लोगोंमध्ये कल्पना अक्षरांच्या शेजारी चित्र म्हणून ठेवलेली नसून आकाराच्या बांधणीतच मुरलेली असते, ते मला फार श्रेष्ठ वाटतात.

माझे सर्वांत आवडते उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे आहे (मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचेही पूर्वीचे नाव हेच होते). ब्रिटिश संकल्पक ॲलन फ्लेचर यांनी १९८९ मध्ये ते बोधचिन्ह केले. बोडोनी या टाइपाच्या वळणाची केवळ तीन चिन्हे त्यात आहेत: ‘व्ही’, ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजीतील वळणदार चिन्ह, आणि ‘ए’. यांतील ‘ए’ची डावी तिरकी रेष फ्लेचर यांनी काढूनच टाकली आणि मधल्या चिन्हाचे टोक अशा उंचीवर आणले की तेच ‘ए’ची आडवी पट्टी झाले. अर्धे अक्षर कागदावर नाही, तरीही ते अपुरे आहे असे कोणाला जाणवत नाही. आणि दोन नावांना जोडणारे चिन्ह आता खरोखरच दुसऱ्या अक्षराला धरून उभे आहे. जोडण्याचे काम अर्थाने आणि आकाराने एकाच वेळी व्हावे, हे मला विलक्षण वाटते.

याउलट असे कितीतरी लोगो दिसतात, ज्यांत अक्षराच्या पोटात पान, पक्षी, दिवा किंवा हात कोंबलेला असतो. तीही ‘दडलेली कल्पना’च म्हणायची, पण ती पाहून आनंद होत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. हा फरक नेमका कशामुळे पडतो? आणि रोमन लिपीत अक्षरांमधील मोकळ्या जागेचा जो उपयोग करता येतो, तो देवनागरीत शिरोरेषेमुळे अवघड होतो का?

आडवी रेघ

प्रश्न फार चांगला मांडला आहे. पहिल्या भागाविषयी मला जे वाटते ते फेडएक्स या कुरियर कंपनीच्या लोगोच्या आधाराने सांगतो. त्यातील बाण बहुतेकांना ठाऊक असला, तरी तो तिथे कसा आला हे ठाऊक असणारे थोडे आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या घडण्यातच दिसते.

१९९४ पूर्वी कंपनी ‘फेडरल एक्सप्रेस’ असे पूर्ण नाव लावत असे. लोक बोलताना ते छोटे करतच होते. लँडर असोसिएट्स या संस्थेकडे नव्या ओळखीचे काम आले तेव्हा तेथील संकल्पक लिंडन लीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक पर्याय तयार केले. अक्षरे एकमेकांच्या किती जवळ आणता येतील हे तपासत असताना कॅपिटल ‘ई’ आणि स्मॉल ‘एक्स’ यांच्यामध्ये बाणासारखे काहीतरी दिसू लागले. ‘ई’च्या मधल्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांमधील फट म्हणजे बाणाचा दांडा, आणि ‘एक्स’च्या डाव्या बाजूची खोबण म्हणजे बाणाचे टोक. पण तो बाण नीट नव्हता. युनिव्हर्स हा टाइप घेतला तर एक भाग बिघडत होता, फ्युचुरा घेतला तर दुसरा. जबरदस्तीने बाण काढला तर अक्षरे विद्रूप होत होती. म्हणून लीडर यांनी दोन्ही टाइपांचे गुण एकत्र करून, स्मॉल अक्षरांची उंची वाढवून, ‘ई’ची पट्टी आणि ‘एक्स’ची रेष एकमेकींना जुळतील अशी अक्षरेच नव्याने रेखाटली.

या हकिकतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की बाणाची शक्यता त्या दोन अक्षरांच्या शेजारात आधीपासून होती. संकल्पकाने ती ओळखली आणि मग ती सुबक व्हावी म्हणून अपार कष्ट घेतले. ज्या लोगोंत पक्षी कोंबलेला दिसतो, तिथे क्रम उलटा असतो: पक्षी हवा हे आधी ठरते आणि मग त्याच्यासाठी एखाद्या अक्षराचा बळी दिला जातो.

दुसरी गोष्ट संयमाची आहे. लीडर यांनी स्वतःच सांगितले आहे की जनसंपर्काचे काम पाहणाऱ्यांना तो बाण ठळक करून दाखवायचा होता, पण त्यांनी त्याला ठाम नकार दिला. तो निर्णय मला संपूर्ण कामातील सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. बाण दिसला नाही तरी ‘फेडएक्स’ हे नाव जांभळ्या-नारिंगी रंगांत भक्कमपणे उभे राहते, स्पष्ट वाचता येते, आणि ते लहान असल्यामुळे त्याच ट्रकवर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे रंगवता येते. ज्याला बाण दिसला नाही त्याचे काहीही अडत नाही. ज्याला दिसला, त्याला मात्र तो पुन्हा कधीच न दिसण्याची सोय राहत नाही, आणि तो दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

अरबी लिपीतील फेडएक्सच्या चिन्हातही बाण आहे, आणि तिथे तो डावीकडे जातो, कारण ती लिपीच उजवीकडून डावीकडे धावते. नाव बदलले, अक्षरे बदलली, दिशा बदलली, तरी अक्षरांच्या फटींतून बाण शोधण्याची मूळ शिस्त तशीच ठेवली गेली. कल्पना खऱ्या अर्थाने मुरलेली असली की तिचा असा लिप्यंतरित अवतारही अस्सल वाटतो.

शाई आणि बोरू

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे शिरोरेषेविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या नित्य कामाचा विषय आहे.

रोमन अक्षरांमधील फट वर आणि खाली दोन्हीकडे उघडी असते. देवनागरीत ती वरून बंद होते. शिवाय शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि रफार, आणि अक्षरांच्या पायाशी उकार, असे तीन मजले सांभाळावे लागतात. त्यामुळे फेडएक्सची युक्ती जशीच्या तशी उचलायला गेल्यास निराशाच पदरी येते. पण शिरोरेषा ही केवळ अडचण आहे असे मानणे मला मान्य नाही. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे लटकवत जात. रेघ आधी, अक्षर नंतर. ज्या लिपीच्या लेखनपरंपरेत अशी एक ठाम आडवी रेषा आहे, तिच्या संकल्पकाला ती रेषा तोडता येते, वाकवता येते, दुहेरी करता येते, किंवा तिला दुसरे एखादे काम देता येते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपण दररोज पाहतो, आणि त्याच्या अतिपरिचयामुळे त्याचे कौतुक करायला विसरतो. रुपयाचे चिन्ह. केंद्र सरकारने २००९ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर केली, अंतिम फेरीत पाच संकल्पना आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या संकल्पनेला मान्यता दिली. उदय कुमार त्या काळात पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये संशोधन करत होते आणि त्यांच्या संशोधनाचा विषय तमिळ मुद्राक्षरकला हा होता. अक्षरांचा इतक्या खोलवर विचार करणाऱ्या माणसाच्या हातून हे चिन्ह आले, हे त्याच्याकडे पाहताना पदोपदी जाणवते.

देवनागरीतील पुष्कळ अक्षरांना उभा दंड असतो. ‘र’ला तो नाही. रोमन ‘आर’मधील उभी रेष काढून टाकली तर उरतो तो वरचा गोल आणि खाली उजवीकडे जाणारा तिरका पाय, आणि हेच तर ‘र’चे शरीर आहे. म्हणजे एकच वळण दोन लिप्यांत वाचता येते. यात कोणतेही अक्षर मोडलेले नाही. दोन लिप्या जिथे नैसर्गिकपणे एकमेकींजवळ येतात ती जागा अचूक हेरलेली आहे. मग शिरोरेषा. ती ठेवल्याने चिन्ह भारतीय लिपीचे राहते. तिच्याखाली समांतर अशी दुसरी रेष दिली की जपानी येन किंवा युरो या चलनचिन्हांत दिसणाऱ्या दुहेरी आडव्या रेषांच्या कुळात ते जाऊन बसते. जगातील कोणालाही हे चलनाचे चिन्ह आहे हे सांगावे लागत नाही. त्या दोन रेषांत बरोबरीचे चिन्ह आहे आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यासह तिरंग्याचा आभास आहे, असा अर्थही सांगितला जातो. तो अर्थ मला गोड वाटतो, पण चिन्ह त्याच्यावर अवलंबून नाही, आणि हेच त्याचे बळ आहे.

त्याहून मोठी परीक्षा हाताने लिहिण्याची होती. बाजारात पाटीवर खडूने भाव लिहिणाऱ्या माणसाला चलनाचे चिन्ह एका दमात काढता आले पाहिजे. ज्याला ‘र’ लिहिता येतो त्याला फक्त एक रेघ जास्त काढायची आहे. नवे काही शिकायचे नाही. २०१० मध्येच या चिन्हाला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकात, स्वतंत्र स्थान मिळाले, २०११ पासून ते नाण्यांवर आले, आणि आज दुकानाच्या पाटीपासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत ते इतक्या सहजतेने वावरते की ते नवे आहे हेच विसरायला होते.

मोकळ्या जागेविषयी आणखी एक. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेने केलेला ‘मोदक’ हा फॉन्ट अवश्य पाहावा. त्यात अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की आतल्या आणि मधल्या सगळ्या पोकळ्या आक्रसून केवळ बारीक पांढऱ्या रेषा उरल्या आहेत. अक्षर वाचले जाते ते त्या पांढऱ्या रेषांमुळे. देवनागरीत मोकळी जागा बोलू शकत नाही, या शंकेला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

गोल शिक्का

चर्चा उत्तम चालली आहे. तरी मला एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. दडलेल्या कल्पनेचे कौतुक करताना आपण कधी कधी लोगोला कोडे समजू लागतो, आणि कोडे सुटले की त्याच्याकडे पाहणे थांबवतो. काही थोर बोधचिन्हांत दडलेले असे काहीच नाही, आणि तरीही ती बुद्धिमान आहेत.

स्टेट बँकेचे चिन्ह घ्या. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा तिचे चिन्ह वडाचे झाड होते. १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी केलेले निळे वर्तुळ आले: मोठे भरीव वर्तुळ, मध्ये लहान गोल आणि त्या गोलातून सरळ खाली परिघापर्यंत आलेली चीर. कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, म्हणजे सुरक्षितता. कोणाला मध्यभागी उभा असलेला सामान्य माणूस दिसतो. अहमदाबादचा कांकरिया तलाव वरून असाच दिसतो, म्हणून चिन्ह त्यावरून सुचले, असेही लोक हौसेने सांगतात. एका आकाराला इतके अर्थ चिकटतात याचे कारण, माझ्या मते, तो आकार कोणत्याच एका अर्थाच्या ताब्यात नाही. झाडाची पाने रंगवायला कसबी हात लागतो. हे चिन्ह मात्र दोरी, खिळा आणि पट्टी एवढ्या साहित्यावर कोणत्याही खेड्यातील पेंटर भिंतीवर बिनचूक काढू शकतो. देशभर शाखा असलेल्या बँकेसाठी याहून शहाणा विचार कोणता असू शकतो? पासबुकावर ते नखाएवढे छापले तरी चालते आणि इमारतीच्या माथ्यावर ते कित्येक फूट उंच केले तरी चालते.

हाच व्यवहारी शहाणपणा वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड या वन्यजीव रक्षणाच्या संस्थेच्या पांडामध्येही आहे. १९६१ मध्ये ते चिन्ह ठरले तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ची-ची नावाची पांडा लोकप्रिय होती, आणि काळ्या-पांढऱ्या रंगाचा प्राणी निवडला की छपाईचा खर्च वाचतो हाही विचार त्यामागे होता. पुढे १९८६ मध्ये त्याची बाह्यरेषा काढून टाकली गेली. डोक्याचा आणि पाठीचा वरचा भाग आता कागदावर काढलेलाच नाही; तो आपली नजर पुरा करते. ॲलन फ्लेचर यांच्या ‘ए’मध्येही हेच घडते. पण पांडाच्या बाबतीत ही युक्ती आहे असे कोणी म्हणत नाही, कारण पांढरा प्राणी पांढऱ्या कागदावर असाच दिसणार.

आपल्याकडील बँक ऑफ महाराष्ट्रच्या दीपमाळेचाही इथे उल्लेख करावासा वाटतो. देवळासमोरची दगडी दीपमाळ ही महाराष्ट्राची खास वास्तू. खालून वर निमुळती होत जाणारी आणि चोहो बाजूंना दिवे ठेवण्यासाठी हात असलेली. तिला सरळ भूमितीत बसवले की चिन्ह तयार. पाहणाऱ्याला काहीही शोधावे लागत नाही, पण प्रतीक मात्र मातीतून आलेले आहे.

म्हणून ‘कोरी पाटी’ यांना माझा आग्रह असा की कल्पना दडवण्याच्या मागे न लागता ती कल्पना त्या वाचनालयाचीच आहे ना, हे आधी पाहावे.

कोरी पाटी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिरोरेषेविषयीचे विवेचन वाचल्यावर मी ‘वाचनालय’ हा शब्द पुन्हा नीट लिहून पाहिला, आणि एक गोष्ट लक्षात आली. या शब्दातील व, च, न, ल, य या प्रत्येक अक्षराला उभा दंड आहे, आणि शिवाय दोन काने आहेत. म्हणजे एकूण सात उभ्या रेषा. मला त्या फळीवर उभ्या ठेवलेल्या पुस्तकांच्या कण्यांसारख्या दिसू लागल्या. दंड थोडे जाड आणि कमी-अधिक रुंदीचे केले तर शब्दच पुस्तकांची रांग होईल असे वाटते. ही शक्यता अक्षरांत आधीपासून होती की मी ती कोंबत आहे, हे मला ठरवता येत नाही.

शाई आणि बोरू

सात दंड तुम्हाला दिसले हे अतिशय उत्तम झाले. ते त्या शब्दात खरोखरच आहेत, ‘ग्रंथालय’ लिहिले असते तर ही लय मिळाली नसती. अडचण एकच आहे, आणि ती मोठी आहे. पुस्तके फळीवर उभी असतात आणि फळी खाली असते. तुमची आडवी रेषा मात्र वर आहे. देवनागरी अक्षर रेषेवर उभे राहत नाही, तिच्याखाली लटकते. पुस्तकांचे चित्र खरे करायचे तर तुम्हाला पायाशी आणखी एक रेघ द्यावी लागेल, आणि ती रेघ आली की ‘वाचनालय’ चौकटीत कोंडले जाईल, शिवाय शब्द वाचायला जड होईल. कोंबणे म्हणतात ते इथे सुरू होते.

तेव्हा लटकणाऱ्या वस्तूचा विचार करून पाहा. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर दोरीला चिमटे लावून मासिके टांगलेली असतात. काही वाचनालयांत वर्तमानपत्रे लाकडी दांडीत अडकवून ठेवतात. शिरोरेषेला ती दांडी होऊ द्या. मग तुम्हाला काही जोडावे लागणार नाही: अक्षरे जशी मुळात लटकतात तशीच लटकतील, आणि फार तर शिरोरेषा दोन्ही टोकांना शब्दाच्या थोडी पुढे न्यावी लागेल. दंडांच्या रुंदीत फरक करायचा तर तो अगदी सूक्ष्म असावा. ‘वा’ आणि ‘ना’ या दोन ठिकाणी दंड आणि काना शेजारी-शेजारी येतात. तिथली फट इतर फटींपेक्षा अरुंद ठेवली नाही तर काना सुटा पडतो आणि वाचणारा अडखळतो.

आपल्याकडे नावातील अक्षरांतून गणपती काढण्याची, अक्षरगणेशाची, जी लोकप्रिय कला आहे, तिच्यात अक्षरांनी चित्राच्या सोयीने वाकायचे असते, आणि भक्तिभावाने पाहणाऱ्याला ते गोडही वाटते. बोधचिन्हात हे नाते उलटे हवे. तुमच्या ‘न’चा ‘न’पणा दांडीसाठी कमी झाला तर दांडी सोडून द्या, ‘न’ ठेवा.

गोल शिक्का

वरील सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एकच व्यावहारिक भर घालतो. वाचनालयाचे बोधचिन्ह सर्वाधिक वेळा उमटणार ते प्रत्येक पुस्तकावर मारल्या जाणाऱ्या रबरी शिक्क्यात, दाखल क्रमांकाच्या वर, आणि तेही जुन्या पुस्तकाच्या शाई शोषून घेणाऱ्या कागदावर. तिथे शाई पसरते आणि बारीक फटी सर्वांत आधी बुजतात. म्हणून संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहण्याआधी त्याच मापाचा एक शिक्का बनवून घ्या, शाईची गादी जरा जास्तच ओली असताना तो जुन्या कागदावर मारा, आणि ‘वा’ व ‘ना’मधील फटी उघड्या राहतात का ते पाहा. त्या बुजत असतील तर दंड बारीक करा किंवा शब्द थोडा रुंद करा. शिरोरेषा मात्र जाडच ठेवा, कारण फिकट उमटलेल्या शिक्क्यातही शब्द एकत्र धरून ठेवणारी तीच आहे.